बटणातली काडी
पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनला दोन बटणं का असतात, ठाऊक आहे तुम्हाला? दोन्ही हात बटणांवर असले की एकही हात खाली सापडत नाही, म्हणून. झेंडू आणि ऑइलचा वास एकत्र आला की मला बाबांचा भांडुपचा गाळा आठवतो. खंडेनवमीची पूजा झाल्यावर बाबांनी मला, सात वर्षांच्या पोरीला, शुभाचा पहिला नग काढायला उभं केलं. "दाब गो बाय!" काम झपाझप व्हावं म्हणून एका बटणात काडीपेटीची काडी कायमची खोचलेली होती, ते दाबलेलंच राहायचं, त्यामुळे माझा डावा हात मोकळाच होता. आत पडलेलं फूल वाचवायला तो पुढे गेला आणि उजव्याने बटण दाबलं. आईने वेणी धरून मला मागे खेचलं. फुलाचा कागद झाला. "मशीनने प्रसाद घेतला!" बाबांचा जोडीदार म्हणाला आणि सगळे हसले, बाबाही. आईने काडी उपटून बाबांच्या हातावर ठेवली. "अहो, हिचा हात गेला असता तरी हसला असतात?" दुसऱ्याच दिवशी काडी परत जागेवर होती. पुढे त्याच मशीनने बाबांची दोन बोटं नेली. आज ते उरलेल्या आठ बोटांनी हार ओवतात. यंदा तुमच्या मशीनला हार घालण्याआधी बटणात खोचलेली काडी काढा, आणि दुसऱ्या दिवशी कोणालाही परत खोचू देऊ नका.