सासूबाईंचं खंय

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द उरला. खंय. म्हणजे कुठे. पाणी हवं असलं तरी खंय, पंखा नको असला तरी खंय. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. आत सगळं शाबूत असतं, बाहेर यायला वाट राहत नाही.

पत्नीला तो एक शब्द पुरायचा. स्वयंपाकघरातून ती "हाडतंय गो आये" म्हणायची आणि नेमकी उशी घेऊन जायची. तुला कसं कळलं, असं मी विचारलं की म्हणायची, "बोलली ना ती."

मी घाटावरचा. देवबागात जावई आणि तालुक्याच्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून आयुष्य गेलं, तरी मालवणी मला आली नाही. गावाशी माझ्या वतीने पत्नीच बोलायची. गेल्या वर्षी ती गेली. घरात मी आणि सासूबाई उरलो. मागे खाडी, पुढे समुद्र, आणि बाहेर पडायला मधला एकच रस्ता. मेहुणा मुंबईत. पावसाळा संपला की आईला घेऊन जातो, असं त्याने कबूल केलं होतं. मग मी सुटणार होतो. साताऱ्याला बहिणीने माझ्यासाठी वरची खोली रंगवूनही घेतली होती.

तोवर निभावून न्यायचं म्हणून मी शिक्षकासारखा कामाला लागलो. पुठ्ठ्यांवर चित्रं चिकटवली, तांब्या, पंखा, भात. हवं त्यावर बोट ठेवा, म्हणालो. चांगल्या हाताने त्यांनी पुठ्ठे खाटेखाली ढकलले. शेजारीण दारातून बघत होती.

"अवो मास्तर, ल्हान पोराक काय तक्तो लावन बोलूक शिकयतत?" मग सासूबाईंकडे वळून म्हणाली, "काय गो काकी, जावयाची शाळा घेतंस? पास होतलो मा?"

"खंय!" सासूबाई म्हणाल्या. कुठला पास होतोय! दोघी हसल्या. ते खंय मात्र मलाही कळलं.

पुढे बाकीचे खंय कधी कळू लागले, ते सांगता येणार नाही. मी दमलो होतो, लक्ष देणंही सोडलं होतं. तांदूळ धुताना, कपडे वाळत घालताना तो शब्द कानांवर पडत राहायचा, इतकंच. एका दुपारी भांडी अर्धवट टाकून मी उठलो आणि पाण्याचा पेला घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो, तेव्हा लक्षात आलं की आपण विचार केलाच नव्हता. पाण्याचं खंय तुटक येतं, कूस बदलायचं लांबतं, हे नियम मी नंतर जुळवले. आधी हात उठले.

संध्याकाळी दिवा लावताना आणखी एक खंय यायचं. त्याला काहीच नेऊन देता येत नसे. दाराकडे बघून त्या गेलेल्या मुलीबद्दल विचारत असायच्या. ते ओळखता येऊ लागल्यापासून मी दिवा लावला की मागच्या पडवीत जाऊन उभा राहत असे. तिथेही ऐकू यायचं.

दिवाळीच्या आधी मेहुणा गाडी घेऊन आला. सासूबाईंच्या पिशव्या भरून दारात ठेवल्या. माझी बॅग मी आदल्या दिवशीच भरली होती. तो आईजवळ बसला.

"आये, मुंबैक जावया. लिफ्ट आसा, डॉक्टर बाजूकच आसा."

"खंय."

"मुंबैक गो. माझ्याकडे."

"खंय."

तो हताश होऊन माझ्याकडे वळला. "भावजी, सांगलंय ना मी तिका खंय जावचा ता. परत परत काय इचारता?"

त्याला प्रश्न ऐकू येत होता. थंडीत अंघोळीचं नाव काढलं की त्या मान आखडून जे म्हणायच्या, तेच हे होतं. नको. त्या हो म्हणतायत, असं मी सांगितलं असतं तर ते खोटं आहे हे ओळखणारं त्या घरात कोणी नव्हतं. म्हणजे सासूबाई होत्या. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"नको म्हणतायत," मी म्हणालो.

मेहुण्याने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "मगे थंय मुंबैक तरी तिचा कोणाक समाजतला? आमका तर काय्येक कळणा नाय. तुमका समाजता, भावजी. तुमी आसास म्हणान बरा."

हे तो अगदी मनापासून, उपकार मानून बोलला. मी काही कबूल केलं नव्हतं, पण तो उठून पिशव्या आत नेऊ लागला.

गाडी गेल्यावर मी साताऱ्याला फोन लावला. खोली भाड्याने देऊन टाक, म्हणालो. बहीण का म्हणून विचारत होती, तेवढ्यात आतून हाक आली. लांबलेली होती. मी फोन ठेवून त्यांची कूस बदलायला गेलो.