ऑडिटर, ऑइल आणि मशीनवरचं लिंबू

मंडळी, आज उद्यमबागेत आमच्या कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकाचा ऑडिटर आलता. ऑइल बदलल्याचं तीन महिन्यांचं रजिस्टर मी सकाळीच एका बैठकीत भरून ठेवलतं.

मशीनवरचं लिंबू-मिरची तेवढं काढा, असं आमच्या जुन्या ऑपरेटर आप्पांना सांगितलं.

"न्हाय रं. शनवारशिवाय हात लावत न्हाय."

ऑडिटरनं रजिस्टर वाचलं, मग मशीनचं ऑइल बोटावर घेतलं. डांबरासारखं काळं. मग लिंबाकडं बघत विचारलं, "हे कधी बदलता?"

"दर शनवारी. एक बी चुकला न्हाय," आप्पा म्हणाले. लिंबू ताजं होतं.

शेरा आला, ऑइलचं कामही आप्पांकडं द्यावं.

आणि मला लाज वाटत होती ती लिंबाची.

आता आप्पा विचारायलेत, ऑइलचा वार कुठला? काय सांगू?