नळकांड्याची पाळी

“गाठ कुठं पडती बघा,” असं म्हणत आमचे मास्तर तोंडातला पानाचा तोबरा या गालातून त्या गालात ढकलायचे आणि लाल ओघळ हनुवटीवर आला की धोतराच्या सोग्याने पुसायचे. तुम्हीही असे मास्तर पाहिले असतील; पण त्यांच्याइतका ओंगळ माणूस मी जोयड्याच्या रानात दुसरा पाहिला नाही.

शाळा देवळाच्या पडवीत भरे. देवाच्या दारात थुंकायचं नाही, एवढं एक सोवळं त्यांनी राखलं होतं. म्हणून त्यांच्या बैठकीशेजारी बांबूचं एक जाड नळकांडं असे. दिवसभर त्यात पिंका पडत. शाळा सुटताना ते ओढ्यावर नेऊन रिकामं करायचं काम आमच्यातल्या एकाचं. कुणाचं, ते गणितावर ठरे.

सकाळी मास्तर दोन आकडे सांगत. तीन नि चार म्हणाले, की ओळीतल्या दर तिसऱ्या पोराने उभं राहायचं आणि दर चौथ्याने डोक्यावर हात ठेवायचा. ज्याला दोन्ही करावं लागे, त्याच्यावर गाठ पडली. पहिली गाठ ज्याच्यावर, त्याची पाळी. यालाच लघुतम सामाईक विभाज्य म्हणतात हे मला पुढे कळलं. अजूनही तो शब्द वाचला की मला तंबाखूचा वास येतो.

आकडे ऐकले की आम्ही जागा धरायला धावायचो. दोन्ही आकडे गुणायचे आणि ती जागा टाळायची, ही युक्ती माझी. तीन नि चार, बारावी टाळा. दोन नि पाच, दहावी टाळा. एके दिवशी मास्तर म्हणाले, चार नि सहा. चोविसाव्या जागेवर आम्ही एका नव्या पोराला ढकललं आणि मी ऐटीत बाराव्या जागेवर जाऊन बसलो.

चौथा उठला, आठवा उठला, मग मला उठावं लागलं. सहाव्याने डोक्यावर हात ठेवला, आणि पुढचा हात माझाच. पोरं खिदळली.

“गुणून मोकळा झालास व्हय?” मास्तर म्हणाले. “दोन्ही आकड्यांतबी दोन हाय. ती आधीच भेटत्यात की.”

नळकांडं काठोकाठ भरलेलं. चालताना हिंदकळून ते बोटांवरून कोपरापर्यंत आलं. चुना, तंबाखू, शिळी लाळ. वाळूने हात सोलवटेस्तोवर घासला. घरी आईने पेज दिली. भांडं तोंडाशी नेलं आणि मी ओकलो. त्यानंतर मला त्या माणसाचं तोंडही बघवेना.

दिवाळीनंतर मास्तरांना खोकला लागला. पान सुटलं, तरी नळकांडं जवळच. आणि त्यांचे आकडे बदलले. पाच नि सात. सहा नि सात. सात नि आठ. आम्ही पोरं जेमतेम तीस, त्यामुळे गाठ ओळीबाहेर अंगणात कुठेतरी पडायची. पोरं खूश.

मी एकदा म्हणालो, “मास्तर, आज बी कुणावर गाठ पडत न्हाई.”

“मग आमचं आम्हीच नेतो.”

भिंतीला धरून ते उठले. हा म्हातारा आता कुठे घाण करतो ते बघायला मी लांबून मागे गेलो. ओढ्याकडे न जाता त्यांनी देवळामागे खड्डा उकरला, नळकांडं उपडं केलं आणि पायाने माती लोटली. पान सोडून किती दिवस झाले होते, तरी आतलं लालच होतं.

“मागं सर, पोरा,” मास्तर म्हणाले. “वाऱ्याच्या अंगाला हुबा ऱ्हाऊ नगं.”

घरी हे सांगितलं. खोकल्यातून रक्त पडतंय, त्यांच्या जवळ जाऊ नको, एवढंच बाबा म्हणाले. आकडे तसे का येत होते ते मला त्या रात्री समजलं, आणि मी रडलो. किळस मात्र गेली नाही. आजही कुणी थुंकलं की मी रस्ता बदलतो.

पुढे खानापूरकडून त्यांचे भाऊ बैलगाडी घेऊन आले. मास्तर मागच्या बाजूला बसले. नळकांडं मांडीत होतं आणि त्याच्या तोंडावर त्यांचा तळवा. ओढ्याच्या उताराला गाडी हिंदकळली, तसा त्यांनी दुसराही हात त्यावर ठेवला.