भांगेच्या डबीत मेथी

चाकणच्या कंपनीत माझं कामच संशय घेण्याचं. कुणी पार्ट ओके आहे म्हणालं की मी आधी माप तपासायचं गेज हातात घेतो. अठरा वर्षं हेच केल्यावर घरीसुद्धा सरळ नजरेनं बघणं जमत नाही.

बायकोच्या मेंदूत सूज येत होती. शरीर आपल्याच मज्जातंतूंवर उलटलंय, असं निगडीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. इंजेक्शनं चालू होती, तरी पाय ताठायचे, बोटं ऐकायची नाहीत. मुलीची शाळेची वेणी मात्र ती रोज स्वतः घालायची. तेवढं सुटू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

एका रविवारी तिचा भाऊ कासारवाडीला आमच्याकडे डबी घेऊन आला. त्यांच्या गावच्या वैद्यानं दिलेलं भांगेच्या पानांचं चूर्ण.

"दाजी, मेंदूची सूज उतरती यानं. मोबाईलवर पन आलंय."

"मोबाईलवर काय वाट्टेल ते येतं."

"आमच्या आज्यापासनं चालत आलंय हे. तुमचा इस्वास न्हाई म्हून काय गुण जातो व्हय?"

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, प्रयोगशाळेत थोडंफार दिसलंय, माणसांबद्दल ठाम सांगता येत नाही. घेतलं तर मला कळवत राहा, इंजेक्शन मात्र बंद करू नका. असलं गुळमुळीत उत्तर कंपनीत कुणी दिलं असतं, तर मी नापास मालाचा लाल टॅग लावला असता.

तिनं दोन आठवडे चूर्ण घेतलं. वेणी भराभर व्हायला लागली. ती हसायलाही लागली आणि तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. हा गुण औषधाचा की नशेचा?

मग मी कंपनीत करतो तेच केलं. कुणाला न सांगता एकच गोष्ट बदलायची आणि बघत बसायचं. डबीतलं चूर्ण काढून ठेवलं आणि कसुरी मेथी वाटून भरली. मधात मीच कालवून द्यायचो, कळतंय कुणाला! वहीत रोजची नोंद ठेवली: पाय, बोटं, वेणीला लागलेली मिनिटं.

तीन आठवडे मिनिटं वाढतच गेली. मग एका सकाळी मुलगी आरशापुढे स्वतःच वेणी घालताना दिसली, वाकडीतिकडी. पोरगी मोठी झाली, असं मला वाटलं.

संध्याकाळी वही दाखवून मी बायकोला सगळं सांगितलं. खोटं कशाला बोलू, थोड्या ऐटीतच सांगितलं. तिनं वही ओढून घेतली आणि पानं उलटली.

"म्हणजे माझा आजार वाढला नव्हता?" तिनं विचारलं. "अहो, मला वाटलं हात गेलेच आता. म्हणून पोरीला वेणी शिकवत बसले होते मी."

मला माझीच लाज वाटली. तो भांगेचा गुण होता की आजाराचाच चढउतार, हे मला आजही ठाऊक नाही. चूर्ण मी परत डबीत भरलं.

आता ती रोज डबी उघडते, आधी वास घेते, मग माझ्याकडे बघते.