ब्राझीलच्या गायकाची पट्टी
दवाखान्यात दंडावर स्पिरिट लावलं की मला आमच्या टेपरेकॉर्डरचं हेड आठवतं. नव्वदच्या दशकात दादा ओझरच्या विमान कारखान्यात होता. सहकाऱ्याने परदेशातून आणलेली एका ब्राझिलियन रॉक गायकाची कॅसेट त्याने मला दिली. भाषा ओ की ठो कळत नव्हती. पण द्वारका चौकातून सेकंडहँड घेतलेल्या टेपचं हेड स्पिरिटने पुसून मी ती रोज लावायचो, दुसरी कॅसेट कुणाला लावूच द्यायचो नाही, आणि गच्चीवर त्याच्याच पट्टीत गायचो. काय उंच आवाज, काय घाई! कॉलेजच्या गॅदरिंगला तसाच गायलो, आणि आवाज असा फाटला की पुन्हा जुळलाच नाही. दहा वर्षांनी दादाने त्याच गायकाची नवी सीडी आणली. आता बँड नव्हता, नुसती गिटार आणि खर्जातला संथ आवाज. मी भडकलो, "वय झालं की सगळे असेच मऊ पडतात. बंद कर!" दादा म्हणाला, "थांब, सीडीच्या शेवटी आपलं जुनं गाणं आहे, तेव्हाचंच रेकॉर्डिंग." ड्रम वाजले, आणि तोच गायक, तरुणपणीचा, तशाच खालच्या आवाजात सावकाश गायला लागला. दादा हळूच म्हणाला, "आपला टेपच जोरात पळायचा रे." गायकाने पुढे बँड सोडला असेल, पण त्या पट्टीत तो कधी गायलाच नव्हता. त्या पट्टीत जगात एकटा मीच गायलो होतो. अजूनही फोनवर लोक मला विचारतात, सर्दी झालीये का?