नटावरच्या दोन खुणा

बायको गेल्याला चार महिने झाले तरी मिस्त्री रडले नव्हते. लोकांनी वाट पाहिली, मग नाद सोडला. सकाळी आठला गॅरेजचं शटर वर जायचं, संध्याकाळी सातला खाली यायचं, आणि मधल्या वेळात मिस्त्रींचे हात आपले आपण काम करत राहायचे. मुलगी दोन गल्ल्या पलीकडून डबा आणून ठेवायची. "बाबा, काल भाजीत मीठच नव्हतं. कसं खाल्लंत?" तिने एकदा विचारलं. मिस्त्रींना ते लक्षातच आलं नव्हतं.

अशात एका सकाळी जनावरांची डॉक्टरबाई जुनी फोर-व्हील जीप घेऊन दारात उभी राहिली. तिला डोंगरातल्या वस्त्यांवर जावं लागे, जिथे रस्ता म्हणजे नुसते दगड. महिन्यापूर्वीच तिने गाडी घेतली होती.

"ब्रेक मारला की डावीकडे ओढते," ती म्हणाली. "दोनदा अलाइनमेंट केली. विकणारा म्हणाला, जुन्या गाड्यांचा स्वभावच असतो तो."

"स्वभाव माणसांना असतो," मिस्त्री म्हणाले. "ब्रेक बघितले?"

"त्याने स्वतः पुढचं उजवं चाक उघडून दाखवलं. आतले लायनर अगदी कोरे होते हो! ते बघूनच तर घेतली."

मिस्त्रींनी गाडी मागच्या मोकळ्या जागेत नेली, थोडा वेग दिला आणि ब्रेक दाबला. पॅडल चांगलं कडक होतं. खाली उतरून पाहिलं, तर खडीत डाव्या चाकाची लांब घसट उमटली होती आणि उजव्याची काहीच नाही. लायनर कोरे का होते ते त्यांना तिथेच कळलं. उजव्या चाकाने कित्येक वर्षांत ब्रेकच मारला नव्हता.

गाडी जॅकवर चढली. त्या उजव्या चाकामागचं, ऑइल सोडायचं निपल सैल करून त्यांनी डॉक्टरबाईला पॅडल दाबायला सांगितलं. ऑइलचा थेंब आला नाही. ते पाठीवर झोपून खाली सरकले. सगळीकडे काळा रंग नुकताच चोपडलेला होता. पाइपच्या जोडाचा नट सोडला, तसा आतून एक छर्रा त्यांच्या तळहातावर पडला. सायकलच्या बेअरिंगमधला. फुटलेल्या पाइपातून ऑइल जाऊ नये म्हणून कुणीतरी वाट बंद केली होती. तीन चाकांना ब्रेक, चौथं बिनकामाचं.

मिस्त्रींनी नटावरचा रंग नखाने खरवडला. कानशीने मारलेल्या दोन आडव्या खुणा निघाल्या.

तात्पुरत्या कामावर अशा दोन खुणा करायची सवय या गावात एकाच माणसाला होती. गाडी परत आली की कुठे काय काढायचंय ते विसरू नये म्हणून. तो माणूस म्हणजे ते स्वतः.

अकरा वर्षं झाली असतील. खाणीवरचा एक ठेकेदार, गाडी तेव्हा हिरवी होती. पाइप दोन दिवसांनी मिळणार होता. "सावकाश जा, परवा ये," असं सांगून त्यांनी छर्रा बसवला होता. तो आलाच नाही. बायको आठवडाभर जेवताना विचारायची, "आला का हो तो जीपवाला?" एकदा ते तिच्यावर खेकसले, तेव्हापासून तिने विचारणं बंद केलं.

गाडीखाली ते बराच वेळ पडून राहिले. छातीत धस्स व्हायला हवं हे कळत होतं, पण होत नव्हतं. दुसऱ्या कुणाची तरी हकीकत ऐकावी तसं सगळं लांबून येत होतं.

बाहेर येऊन त्यांनी हात पुसले आणि जे होतं ते सांगून टाकलं. छर्रा आपला, खुणा आपल्या.

डॉक्टरबाईचा चेहरा उतरला. "गेल्या रविवारी माझी आई होती शेजारी. घाटातून उतरत होतो." मग तिचा आवाज चढला. "आणि तुम्ही इतकं शांतपणे सांगताय? बाजारभाव सांगितल्यासारखं?"

"दुसरीकडे न्या गाडी," मिस्त्री म्हणाले. "फक्त चालवत नेऊ नका. ओढून न्या."

ती फाटकापर्यंत गेली, फोन काढला, परत खिशात टाकला, आणि परत आली. "इथेच करा. पण मी समोर बसणार."

"बसा."

दोन दिवस ती उलट्या क्रेटवर बसून राहिली. फोनवर कुणाच्या गाईचा पान्हा आटलाय, कुणाची शेळी अडलीय, हे निस्तरत होती आणि नजर मिस्त्रींच्या पान्यावर होती. त्यांनी सगळे पाइप बदलले. मागचे ड्रम उघडले तर तिथेही ऑइल झिरपलेलं, वरून पुसून रंग दिलेला. ते मात्र त्यांचं काम नव्हतं. तसं त्यांनी सांगितलं नाही. "हेही तुमचंच का?" असं तिनेच विचारलं तेव्हा नुसती नकारार्थी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी दोघं चढावर गेले. ती चालवत होती, मिस्त्री शेजारी. उतारावर तिने न सांगता करकचून ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, जागच्या जागी थांबली.

"तुम्ही काही धरलंसुद्धा नाही," ती म्हणाली. "भीती वाटली नाही?"

"चार महिन्यांत काहीच वाटलेलं नाही, बाई. बायको गेली माझी."

तिने इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "वासरू मेलं की काही गाई हंबरत नाहीत. चारा खातात, दूध देतात. बघणाऱ्याला वाटतं, हिला काही नाही."

"मग?"

"मग काय. आम्ही रोज जाऊन बघतो."

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी मुलीच्या घरी जाऊन तिला छर्र्याची सगळी हकीकत सांगितली. चार महिन्यांत ते इतकं बोलले नव्हते. ती पोळी लाटता लाटता थांबली. "आई विचारायची ते आठवतंय मला," ती म्हणाली. मिस्त्री 'हं' म्हणाले. डोळे कोरडेच होते. ताटात काय होतं ते मात्र त्यांनी विचारलं, आणि मुलीने सांगितलं.

त्यानंतर तात्पुरतं काम त्यांनी कधी केलं नाही. "आजच्यापुरतं करून द्या" म्हणणारी गिऱ्हाइकं चिडून पुढच्या गॅरेजात जाऊ लागली. जातात तर जाऊ देत, असं मिस्त्री म्हणत, आणि पुढच्या गाडीखाली सरकत.