अप्पांच्या जीपचा वॉटर पंप

मन्नाएखेळ्ळीच्या हायवेवर माझं स्पेअर पार्टचं दुकान. माल आणायला मला हैदराबादला जावं लागतं. किस्से आणायला मात्र सहसा पायरीही उतरावी लागत नाही. गरम झालेली गाडी थंड व्हायला अर्धा तास घेते. तेवढा वेळ माणूस बाकावर बसून करणार काय? बोलणार! आमच्या बाकावरचे निम्मे किस्से तर एकाच जीपचे.

म्हैसूर राज्याचं नुकतंच कर्नाटक झालं होतं. चिटगुप्प्याजवळचे शेतकरी शिवराजअप्पा मिलिटरीच्या लिलावातली जुनी फोर-व्हील जीप बाळगून होते. काळ्या चिखलात बैल अडायचे, जीप निघायची. डांबरी सडकेवर मात्र थोडं पळाली की वाफ! अप्पांच्या घरच्या, म्हणजे गुरम्मा अक्का, बिदरच्याही पलीकडच्या ठाणाकुशनूरच्या. माहेरच्या वाटेवर जीप थांबून थांबून एकदा तिथल्या एका लग्नाचा मुहूर्त हुकला. त्यांनी निकालच दिला, "आता आनि वाटंत बंद पडली, की भंगारात!"

अप्पांचा जीव त्या जीपमध्ये. कुठं जायचं नसलं तरी रोज एकदा स्टेअरिंगवर बसून यायचे.

* * *

रेडिएटर ठिबकला की आमच्याकडं त्यात चिमूटभर हळद टाकतात. बारीक भेग बुजते. अप्पांनी जीपखाली पाणी बघितलं आणि स्वयंपाकघरातला हळदीचा डबाच ओतला! ठिबकत होता इंजिनात पाणी फिरवणारा वॉटर पंप. रेडिएटर बिचारा धड होता. भर बाजारात जीपखाली पिवळं थारोळं.

अक्का म्हणाल्या, "हळद तर लागली. नवरदेव कुठला बघितलाव?"

* * *

पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून पाण्याचा थेंब येतो. अप्पांनी साबण आणि गूळ कालवून त्या भोकात बोळा बसवला. ठिबकणं बंद! खुशीत आम्हा सगळ्यांना चहा पाजला. थोड्याच दिवसांत बेरिंग खडखडायला लागलं. बाहेर पडणारं पाणी आता आत शिरत होतं.

माझ्या शेजारच्या गॅरेजचे महबूब मेस्त्री बोळा हातात धरून ओरडले, "अप्पा, पंप बीमार पडा तो बोलने कू छेद रखे हैं! तुम उसका मुँहच बंद कर दिए?"

अप्पा म्हणाले, "घरात एक बोलनारी हाय की. आनि दुसरी कशाला?"

* * *

थांबायचं, पण थांबल्यासारखं दिसू द्यायचं नाही, यात अप्पा तरबेज. इंजिनच्या गरमीचा काटा लालकडं सरकला की विहीर बघून ब्रेक मारायचे. "इथं आपला जुना दोस्त हाय. भेटून येऊ." अक्का गाडीत, अप्पा बादली घेऊन दोस्ताकडं.

एकदा त्या जुन्या दोस्तानं अक्कांच्या देखत विचारलं, "नाव काय म्हनलाव तुमचं?"

* * *

मग अप्पांनी नवा मुद्दा काढला, "बंद कुठं पडली? पानी प्यायलीय." आणि जीपचं पाणी प्यायचं हमखास ठिकाण म्हणजे बिदरच्या अलीकडची सोनाबाईंची विहीर. बौद्ध कुटुंब, सडकेला लागून शेत. सोनाबाई घागर भरून द्यायच्या, अप्पा रेडिएटरमध्ये ओतायचे. अक्का गाडीतून उतरायच्या नाहीत.

एका उन्हाळ्यात मी जीपच्या मागच्या बाकावर होतो. सोनाबाईंनी अक्कांपुढं तांब्या धरला. ओठ सुकलेले, तरी अक्का म्हणाल्या, "नको. तहान न्हाई."

सोनाबाई हसल्या. "अक्का, गाडीला आमचं पानी चालतंय. तुमाला कामून न्हाई?"

अप्पा घागर धरून तसेच उभे. मी सडकेकडं बघायला लागलो. अक्कांनी तांब्या घेतला आणि रिकामा करूनच परत दिला. पुढच्या खेपेपासून त्या खाली उतरायला लागल्या. बॉनेट लावून अप्पा हॉर्न देत बसायचे, तरी लिंबाखाली दोघींचं बोलणं आटपायचं नाही!

* * *

शेवटी चिटगुप्प्यात पंपाचं बेरिंग जाम झालं, पट्टा तुटला. याला काही पाणी पिणं म्हणता येईना! अप्पांनी हात जोडले, "एक नवा पंप. बस."

अक्का म्हणाल्या, "बसवा. पन माहेराला जाताना वाटंत एकदा जरी थांबली, तर तिथंच इकायची."

मी आणलेल्या पहिल्या पंपाचा दांडा लांब निघाला. पंखा रेडिएटरला घासायला लागला. दुसरा बरोबर बसला. महबूबनं जुनं पॅकिंग खरवडून नवं लावलं, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळले, रेडिएटर धुतला. अप्पा बाजूला उभे होते, ऑपरेशन थिएटरबाहेर उभे असतात तसे.

* * *

नव्या पंपानंतर अक्का पहिल्यांदा माहेरी निघाल्या, त्या खेपेला मीही बिदरला निघालो होतो, मागच्या बाकावर. अप्पांचा एक डोळा सडकेवर, एक काट्यावर. काटा मधोमध, हलायचं नाव नाही. एकेक विहीर मागं पडत गेली. सगळे जुने दोस्त मागं पडले. अप्पांची छाती फुगत चालली होती.

सोनाबाईंचं शेत आलं. आवाज ओळखून त्या घागर घेऊन सडकेला येऊन उभ्या होत्या. अप्पांनी ऐटीत हॉर्न दिला आणि जीप पुढं काढली.

"थांबवा," अक्का म्हणाल्या.

"कामून? काटा बघ की. थंडगार हाय."

"गरम झालीय."

"अगं, न्हाई गं..."

"मी म्हनायलेय न्हवं, गरम झालीय!"

अप्पांनी काट्याकडं बघितलं, अक्कांकडं बघितलं, आणि रिव्हर्स टाकला.